रुग्णाचे हक्क आणि रुग्णाची कर्तव्ये

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही वैद्य नव्हे, की वकील नव्हे. उमेदीचा सारा काळ खडू-फळ्याच्या सहवासात गेला. तथापि शाळेत जे शिकलो नाही, ते एका रुग्णालयाच्या बाकावर शिकलो. तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाले. परिचारिकेने संमतिपत्र पुढे केले. न वाचता सही करू नये, हे मुलांना जन्मभर बजावीत आलेले आम्ही; पण ते पत्र न वाचताच सही करून बसलो. "दुसरे काही औषध चालू आहे काय?" या प्रश्नास "नाही" म्हणून मोकळे झालो. वस्तुतः दादांना हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधाचे नाव काढले तर या डॉक्टरांस राग येईल, अशी आमची भोळी समजूत. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव थांबेना. रक्त चढवावे लागले, आणि दोन दिवसांचा मुक्काम नऊ दिवसांवर गेला. ईश्वरकृपेने दादा सुखरूप घरी आले. आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मास्तर, देह माझा, मी शुद्धीवर होतो, मग सही तुझी कशी रे?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दादांनाच विचारले असते, तर गोळीची गोष्ट त्यांनीच सांगितली असती. संमतिपत्रात काय लिहिले आहे हे रुग्णालयात कोणी समजावून दिले नाही, हा त्यांचा दोष खराच. परंतु आम्हीही विचारले नाही, आणि विचारले असता खरे सांगितले नाही.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात देऊन ठेविले आहे. एका स्त्रीने केवळ तपासणीस संमती दिली होती. ती भुलीखाली असता तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. रुग्ण सज्ञान असेल आणि प्राणावर बेतलेले नसेल, तर आईची संमतीही पुरेशी नाही, असा न्यायालयाने निर्णय दिला. आपल्या घरांतून मात्र आजार कोणता हे मुलगा जाणतो, जावई जाणतो. ज्याचा आजार त्यालाच ठाऊक नसते. हे प्रेम खरे. पण ते अज्ञानाचे प्रेम होय.

आणखीही हक्क आहेत. अपघातात सापडलेल्या मनुष्यास प्रथम उपचार मिळाले पाहिजेत, मग दवाखाना सरकारी असो वा खाजगी, हे न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. मूल्य घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हा निर्णय १९९५ चा. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांच्या आत मिळावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, औषध आपल्या पसंतीच्या दुकानातून आणणे, खर्चाची कल्पना आधी मागणे, हे सारे तीत आहे. बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णास वा मृताच्या देहास अडवून ठेवता येत नाही, हेही तीत आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावावयाचे आहे. पुढच्या खेपेस भिंतीकडे अवश्य पाहावे.

परंतु बंधुभगिनींनो, हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. पूर्वीचे आजार, चालू औषधे, वैद्यबुवांचा काढा, तंबाखू, मद्य, काहीही न लपविता डॉक्टरांस सांगणे, हे रुग्णाचे पहिले कर्तव्य होय. गोळी कधी थांबवावी हे डॉक्टरांनी ठरवावे, आपण नव्हे. बरे वाटताच औषध अर्धवट सोडू नये. ठरलेले मूल्य वेळेवर द्यावे. आणि काही विपरीत घडले तरी हात उगारू नये. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. कायदा नसता तरी ते अधर्माचेच होते. रात्रभर जागलेली परिचारिकाही कुणाची तरी लेकच असते.

आमचे सारे सांगणे दोन शब्दांत सामावते: विचारा आणि सांगा. विचारणे हा हक्क, सांगणे हे कर्तव्य. यांतील एक सोडले की दुसरेही लंगडे पडते.

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना. प्रत्येक घरी एक वही असावी. तीत घरातील प्रत्येकाचे आजार, औषधे, कोणते औषध सोसत नाही, हे लिहिलेले असावे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासोबत रुग्णालयात जाण्यास मंडळाच्या तरुणांनी पाळीपाळीने पुढे यावे. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. तरुणांत आमची गणना होत नसली, तरी संमतिपत्र वाचून दाखविण्याइतकी दृष्टी अद्याप शाबूत आहे.