नोकरीला वयाची अट कशासाठी?

नोकरीच्या जाहिरातीतली ‘वय ३५ पर्यंत’ ही अट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कारण कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने खुल्या प्रवर्गासाठी नोकरीची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. काम तेच राहिले, पण कालपर्यंत अपात्र असलेला ३५ वर्षांचा उमेदवार पात्र ठरला. म्हणजे ही मर्यादा कामाच्या गरजेतून आलेली नव्हती. संविधानाच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई केली, पण त्या यादीत वय नाही. औद्योगिक विवाद कायद्याने ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे कपातीचे तत्त्व घालून दिले, त्याचा आधार कामगारांना मिळाला. व्यवस्थापकांना आणि नव्याने काम शोधणाऱ्यांना तो नाही. पंचेचाळिशीत नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे असतात. मुले मोठी झाल्यावर कामावर परतू पाहणाऱ्या स्त्रीची वाटही हीच अट अडवते.

यावर पहिला आक्षेप असा की काही कामांना वयाची मर्यादा लागतेच. ते खरे आहे, आणि कायद्यात त्याची सोय करता येते. अमेरिकेने १९६७ मध्येच चाळिशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांना कायद्याचे संरक्षण दिले. कामासाठी वयाची अट खरोखर आवश्यक असेल तर मात्र ती ठेवण्याची मुभाही दिली. दुसरा आक्षेप असा की वयस्कांना नवे तंत्र जमत नाही. मग त्या तंत्राची परीक्षा घ्यावी. जन्मतारखेवरून कौशल्य कळत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : आपल्याकडे तरुणच बेकार आहेत, मग त्यांच्या जागा वयस्कांनी का अडवाव्यात? पण रोजगाराची संख्या ठरलेली नसते. कमावता माणूस खर्च करतो, त्यातून दुसऱ्याला काम मिळते. फ्रान्सने १९८२ मध्ये निवृत्तीचे वय ६० वर आणले, तरी तिथल्या तरुणांची बेकारी हटली नाही.

म्हणून आपल्याकडेही कायदा हवा. वयाची अट घालणाऱ्यानेच ती का लागते हे सिद्ध करावे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असावे. तोवर कंपन्यांनी अर्जातला जन्मतारखेचा रकाना काढावा आणि कपातीची कारणे लेखी द्यावीत. आज तिशीत असलेल्या प्रत्येकाच्या हिताचे हे पाऊल आहे.