मण्यांत राहणारं विकर


काही जणांना दूध पचत नाही. पोट फुगतं.
याचं कारण दुधातली साखर, लॅक्टोज.
ती फोडणारं विकर, म्हणजेच एन्झाइम, आहे लॅक्टेज.

लॅक्टेज थेट दुधात मिसळलं, तर काम होतं.
पण मग ते परत काढून घेणं अवघड.
दर वेळी नवं घालायचं, म्हणजे खर्च वाढतो.

यावर एक उपाय समुद्रात आहे.
तपकिरी समुद्रशैवालापासून अल्जिनेट मिळतं.
त्याच्या द्रावणात लॅक्टेज मिसळतात.
हे मिश्रण कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात थेंबथेंब सोडतात.
थेंब पडला, की लगेच गोठू लागतो.
भिजलेल्या साबुदाण्यासारखा मऊ मणी तयार होतो.

मण्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात.
लॅक्टोजचा रेणू लहान. तो आत जातो.
विकराचा रेणू मोठा. तो आत अडकून राहतो.

असे मणी नळीत भरायचे. वरून दूध सोडायचं.
खाली येतं कमी लॅक्टोजचं, किंचित गोड दूध.

थोडं विकर मात्र हळूहळू निसटतं.
ते रोखायला मण्यांवर कायटोसनचा थर देता येतो.
कायटोसन मिळतं कोळंबीच्या टरफलांपासून.

तर श्रोतेहो, लक्षात ठेवा.
विकर आत राहतं.
साखर फुटते.
आणि तेच मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात.