'ओव्हरलॉर्ड': जुन्या फिती, नवा सैनिक



युद्धपट म्हटला की रणगाडे, विमाने आणि हजारोंची फौज हवी. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, असा समज रूढ आहे. स्टुअर्ट कूपर यांचा १९७५ सालचा 'ओव्हरलॉर्ड' हा ब्रिटिश चित्रपट त्या समजाला उत्तर आहे. सैन्यात भरती झालेला टॉम हा पोरसवदा तरुण ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईपर्यंत पोहोचतो, एवढेच कथानक. जळते लंडन, बॉम्बफेक, किनाऱ्याकडे निघालेल्या नौका हे सारे मात्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधील अस्सल चित्रण आहे.

सांधा दिसू नये म्हणून छायालेखक जॉन ऑल्कॉट यांनी नवे प्रसंगही कृष्णधवलच टिपले, तेही युद्धपूर्व काळातील जर्मन भिंगांतून. आधुनिक भिंगाची धारदार स्पष्टता जुन्या फितीशेजारी तत्काळ परकी वाटली असती. (गंमत अशी की, अग्निबाणांच्या जोरावर वाळूत भरकटणारे ते अजस्र चाक दिग्दर्शकाची कल्पना भासते, प्रत्यक्षात ते लष्करी प्रयोगाचे खरेखुरे चित्रण आहे!)

परंतु ही केवळ काटकसर नव्हे. विमानातून घेतलेल्या चित्रणात खालची पेटलेली घरे दिसतात, घरातला माणूस दिसत नाही. तो कॅमेरा सैन्याचा होता. सैन्याला जे पाहावयाचे होते, तेच त्याने पाहिले. टॉमची भीती, त्याने आईवडिलांना लिहिलेले पत्र यांची फीत कोणत्याच संग्रहात नव्हती. ती कूपर यांना निर्माण करावी लागली.