नोट, भाव आणि मत
(पेठ येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा गोषवारा)



देशाचे आर्थिक भवितव्य सहसा दिल्लीच्या अर्थसंकल्पात आणि मुंबईच्या शेअरबाजारात शोधले जाते. पेठसारख्या आदिवासी तालुक्यातून पाहिले तर ते निराळे दिसते. भात-नागलीची कापणी उरकली की येथील कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. त्यांची मजुरी रोखीची आणि बाजारहाटही रोखीचा. चलन, महागाई आणि निवडणूक हे त्यांच्यासाठी तीन वेगळे विषय नाहीत.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने देशातील सुमारे 86 टक्के चलन गेले, तेही ऐन मजुरीच्या हंगामात. 1978 मध्ये जनता सरकारनेही नोटा रद्द केल्या होत्या. पण त्या 1000, 5000 आणि 10,000 रुपयांच्या होत्या, आणि शेतमजुराने त्या क्वचितच पाहिल्या होत्या. 2016 ची नोटबंदी मात्र थेट मजुराच्या कनवटीला भिडली. त्यातच 14 नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. म्हणजे खेड्यातील शेतकऱ्याचा जो नित्याचा दरवाजा, तोच बंद झाला. नवी 500 ची नोट नाशिक रोडच्या छापखान्यात छापली जात होती; परंतु नोट जिल्ह्यात छापली जाते म्हणून ती जिल्ह्यातील मजुराच्या हाती आधी पडते, असे नाही.

फलित काय? रिझर्व्ह बँकेच्याच हिशेबाप्रमाणे रद्द नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या. काळा पैसा नोटांच्या रूपाने नष्ट झाला नाही. 2 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हा निर्णय वैध ठरवला. परंतु वैध असणे आणि हितकर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तरीही 2017 च्या आरंभी उत्तर प्रदेशात सत्ताधारी पक्षाला 403 पैकी 312 जागा मिळाल्या. लोकांना अर्थशास्त्र कळत नाही, असा निष्कर्ष काढणे हा उद्धटपणा होईल. या विजयाला इतर कारणेही होती. पण प्रथमच श्रीमंताला शासन होत आहे, या विश्वासाने अनेकांनी हाल सोसले. ती न्यायाची भूक खरी होती. तिला योग्य दिशा देण्यात विरोधक कमी पडले.

महागाईचेही असेच आहे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली आणि ती उठली मे 2024 मध्ये, मतदानाच्या तोंडावर. कांदा विकत घेणाऱ्या मजुराला स्वस्ताई हवी, पिकवणाऱ्याला भाव हवा. यांतील फरक सरकारने सोसायचा असतो. येथे एका गरजवंताच्या खिशातून दुसऱ्याला दिलासा दिला गेला. पेठ ज्या मतदारसंघात येते त्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. कारण एकटा कांदा नसेल. पण कांद्याशिवाय त्या निकालाचा अर्थ लागत नाही.

पुढे त्याच वर्षी विधानसभेच्या आधी ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1500 रुपये आले. गरीब स्त्रीच्या हाती पैसा येणे स्वागतार्हच आहे. समाजवाद्याने त्याची हेटाळणी करू नये. परंतु ऑक्टोबर 2024 मध्ये देशातील अन्नपदार्थांची महागाई 10.87 टक्के होती. हाच वेग वर्षभर टिकला, तर आजच्या 1500 रुपयांत वर्षाअखेर जेमतेम आजच्या 1350 रुपयांचे धान्य येईल. सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो. मग मजुराला आणि या भगिनींना का नाही?

म्हणून पाड्यापाड्यांवर तीन मागण्या न्यायला हव्यात: मजुरी आणि अनुदान महागाईच्या प्रमाणात वाढावे; गरिबाच्या हाताशी असलेली सहकारी पतव्यवस्था सावरली जावी; आणि कोणताही आर्थिक निर्णय घेण्यापूर्वी त्याची किंमत कोण मोजणार, हे सरकारने जाहीर सांगावे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा तिसरा प्रश्न विचारला गेला पाहिजे, मग तो आपल्या पक्षाचा का असेना.