पायांच्या फुगलेल्या शिरा : कारणे आणि उपचार



पनवेलच्या बाजारपेठेत एके काळी कापडाचा व्यवहार गादीवर बसून होत असे. पुढे गादीची जागा काउंटरने घेतली आणि शेठ व नोकर दोघांनाही दिवसभर उभे राहणे आले. रात्री दुकान वाढवताना पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटरीत गोळे येतात. ‘दगदग झाली’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः ती अनेकदा अपस्फीत नीलांची, म्हणजेच व्हेरिकोज व्हेन्सची पूर्वसूचना असते.

पायांतील अशुद्ध रक्ताला हृदयाकडे परतताना चढाची वाट असते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि नीलांमधील नाजूक झडपा त्याला खाली उतरू देत नाहीत. या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील फॅब्रिशियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. एकाच जागी उभे राहिल्यास पोटरीचा हा पंप थंडावतो. झडपा निकामी झाल्या की रक्त साचते व शिरा वेड्यावाकड्या फुगतात. आनुवंशिकता, गर्भारपण आणि स्थूलताही यास साहाय्यभूत ठरतात.

साडीआड झाकलेले हे दुखणे भगिनी वर्षानुवर्षे अंगावर काढतात. मग घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडते आणि न भरणारी जखम होते. केवळ मलमपट्टीने ती भरली, तरी मूळ दोष तसाच राहिल्याने पुन्हा उघडू शकते.

निदानासाठी डॉप्लर सोनोग्राफी ही वेदनारहित तपासणी पुरते. दाब देणारे मोजे सकाळी उठताच घालावेत. मात्र पायांच्या रोहिण्यांतील रक्तपुरवठा डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावरच. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने सदोष शीर आतून बंद करता येते व रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालू लागतो. ‘शीर बंद केल्यावर रक्त जाणार कोठून?’ ही शंका स्वाभाविक आहे. खोलवरच्या निरोगी नीला ते कार्य करतात. फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागल्यास रुग्णास आडवे करून पाय उंच धरावा व जागा घट्ट दाबावी. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध सोपा आहे. वडाळे तलावाकाठी नित्य फेरफटका, मधूनमधून टाचा उचलणे आणि रात्री पायांखाली उशी. केरळात कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना बसण्याच्या हक्कासाठी लढावे लागले. २०१८ साली तेथे तसा कायदा झाला, २०२१ साली तामिळनाडूतही. पनवेलच्या व्यापाऱ्याने कायद्याची वाट का पाहावी? काउंटरमागे एक स्टूल ठेवावे आणि गिऱ्हाईक नसताना नोकराने त्यावर बसल्यास शेठने कपाळाला आठी घालू नये. औषधाची सुरुवात तेथूनच होते.