शस्त्रांवाचून फौज

इंग्रजीत ‘आर्मी’ म्हणजे मुळात भूदल; परंतु एका उद्देशाने एकवटलेल्या कोणत्याही मोठ्या समुदायालाही हा शब्द लाक्षणिक अर्थाने, म्हणजे मूळ अर्थापलीकडे जाऊन, लावला जातो. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत स्थापलेल्या ख्रिस्ती मिशनने १८७८ मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’, अर्थात मुक्तिफौज, हे नाव घेतले, तेव्हा हे रूपक केवळ नावापुरते उरले नाही: बूथ ‘जनरल’ झाले, धर्मोपदेशकांना कॅप्टन, मेजर असे हुद्दे आणि अनुयायांना ‘सैनिक’ ही संज्ञा मिळाली, तसेच गणवेश, निशाण व पितळी वाद्यांचा बँडही आला. स्त्रियांनाही तेथे अधिकारपदे मिळाली, ही तत्कालीन खऱ्या सैन्यात अकल्पनीय आणि म्हणूनच विशेष मोलाची गोष्ट होय. १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत उतरलेल्या तुकडीने लोकांत मिसळण्यासाठी भारतीय पोशाख स्वीकारला.