चूक झाली, मग पुढे काय? चर्चमधली शिस्त आणि जबाबदारी

(या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

नमस्कार मंडळी! "मंडळी" हा शब्द आज मुद्दाम वापरतोय. मराठी बायबलमध्ये चर्चला मंडळीच म्हणतात. इमारत नाही, माणसं. आजचा विषय असा की या मंडळीतलं एखादं माणूस चुकलं, तर बाकीच्यांनी काय करायचं? गप्प बसायचं, समजवायचं, की बाहेर काढायचं?

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. आठवीत होतो तेव्हा माझी आत्या सासर सोडून माहेरी परत आली. नवरा मारायचा. हे घरात माहीत होतं आणि चर्चमध्येही माहीत होतं. पंच कमिटीची मीटिंग झाली आणि निरोप आला, की नवऱ्याकडे परत जाईपर्यंत आत्याने प्रभुभोजन घ्यायचं नाही. नवऱ्याला कोणी काहीच म्हणालं नाही. तो त्याच चर्चमध्ये क्वायरमध्ये गात राहिला.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षारसाचं ताट बाकांवरून फिरायचं. माझं दृढीकरण झालेलं नव्हतं, त्यामुळे मला ते मिळायचं नाही. आत्या माझ्या शेजारी बसायची. ताट तिच्यापाशी आलं की ती खाली बघायची आणि पुढे द्यायची. लहान मुलांच्या रांगेत बसवल्यासारखं. मला तेव्हा एवढंच वाटायचं, की अरे, चूक नक्की कोणाची होती?

हा प्रश्न डोक्यात राहिला. नंतर बीटेक, नोकरी, पुणे हे सगळं झालं. मग मी वाचायला लागलो, की ही शिस्त नावाची गोष्ट आली कुठून. जे सापडलं ते आज सांगतो.

मुळाशी आहे मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय. त्यात येशू एक प्रोसेस सांगतो, अगदी पायऱ्यापायऱ्यांची. तुझ्या भावाने तुझा अपराध केला, तर आधी त्याच्याशी एकट्याने बोल. ऐकलं नाही, तर एक-दोन जणांना सोबत ने. तरी नाही, तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला परका किंवा जकातदार समज.

आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चुकीच्या डेटाबेसवर डिलीट चालवलं होतं. घाम फुटला होता. माझ्या लीडने ग्रुपवर बोंब मारली नाही. आधी मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं? मग दोघा-तिघांनी बसून डेटा परत आणला. शेवटी सगळ्या टीमसमोर चर्चा झाली ती "हे परत होऊ नये म्हणून काय बदलायचं" यावर. माझी लाज राखली गेली आणि चूकही झाकली गेली नाही. मत्तयमधली पहिली पायरी मला तेव्हा खरी कळली. आधी एकट्याने बोलायचं, कारण हेतू माणूस परत मिळवण्याचा आहे.

आता त्या शेवटच्या पायरीतली गंमत बघा. "जकातदार समज" म्हणजे वाळीत टाक, असा अर्थ बरेच जण घेतात. पण याच पुस्तकात येशू जकातदारांच्या पंगतीला जेवतो आणि त्यावरून बोलणी खातो. ज्या मत्तयचं नाव पुस्तकाला आहे, तोही जकातदारच होता. म्हणजे तो आता आपल्यातला धरू नकोस, पण त्याच्या घरी जायचं थांबवू नकोस, असाही अर्थ निघू शकतो.

आणि अख्खा अध्याय वरून खाली वाचला तर आणखी एक दिसतं. सुरुवात होते लहानांना इजा करणाऱ्यांना दिलेल्या कडक इशाऱ्याने. मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट. मग ही शिस्तीची प्रोसेस. आणि शेवटी क्षमा किती वेळा करायची, याची गोष्ट. दुबळ्याचं रक्षण, हरवलेल्याचा शोध, चुकीचा जाब आणि क्षमा. पंच कमिट्या बहुतेक वेळा मधलाच तुकडा कापून घेतात.

पहिल्या शतकातलंच एक प्रकरण बघू. करिंथच्या मंडळीत एक माणूस स्वतःच्या बापाच्या बायकोसोबत राहत होता आणि मंडळी ते मिरवत होती. पौल पत्र लिहून सांगतो, याला बाहेर काढा. पण दुसऱ्या पत्रात तो एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो, की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण मुद्दा स्पष्ट आहे. शिक्षेला शेवट हवा. परत येण्याचं दार हवं. माझ्या आत्याच्या बाबतीत दार होतं, पण ते मार खाण्याच्या घरात उघडत होतं.

आता इतिहासात थोडं पुढे जाऊ. इसवी सन 390. रोमन सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने थेस्सलनीकामध्ये हजारो लोकांची कत्तल केली. मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राटाला पत्र लिहिलं, की तू पश्चात्ताप करत नाहीस तोवर तू हजर असताना मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. आणि सम्राटाने खरोखर सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घेतलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला एक बिशप जाब विचारतो! हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण शिस्त वरच्या दिशेने गेल्याची अशी उदाहरणं कमी आहेत.

त्या काळी मोठ्या पापाचं प्रायश्चित्त सार्वजनिक असायचं. पुढे आयर्लंडच्या मठांतून खाजगी पापकबुलीची पद्धत पसरली आणि 1215 च्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी कबुली सक्तीची केली. कबुलीत ऐकलेलं पाळकाने कोणालाही सांगायचं नाही, हा नियम कॅथलिक चर्चमध्ये आजही पक्का आहे.

प्रोटेस्टंट लोकांनी दुसरा रस्ता धरला. जिनिव्हात कॅल्विनच्या काळात, 1542 पासून, पाळक आणि निवडलेले वडील मिळून दर गुरुवारी बसायचे. नवरा-बायकोची भांडणं, नाच, शिवीगाळ, चर्चला दांडी असं सगळं त्यांच्यासमोर यायचं. स्कॉटलंडमध्ये तर चर्चमध्ये पश्चात्तापाचं खास स्टूल असायचं. लग्नाबाहेर संबंध ठेवणाऱ्यांना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागायची. कवी रॉबर्ट बर्न्सवरही 1786 मध्ये ही वेळ आली होती. त्याच्या आधीच त्याने एका ढोंगी वडिलाची टर उडवणारी कविता लिहून ठेवली होती. लोकांच्या पापांची यादी तोंडपाठ, स्वतःच्या पापाला मात्र सबब तयार. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

पण सगळंच वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. क्वेकर लोकांचं बघा. 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या त्यांच्या वार्षिक सभेने ठरवलं, की गुलाम बाळगणाऱ्या सभासदाने गुलामांना मुक्त करावं, नाहीतर त्याला सभासदत्वातून काढलं जाईल. सरकारचा कायदा गुलामगिरीच्या बाजूने होता, तेव्हा एका चर्चची शिस्त गुलामाच्या बाजूने उभी राहिली. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट लोकांमध्ये साधारण बारा जणांचे छोटे गट असायचे. दर आठवड्याला भेटायचं आणि "तुझं कसं चाललंय" हे मनापासून विचारायचं. आजकाल आपण जिमला पार्टनर शोधतो, तसंच काहीसं.

मग गडबड कुठे होते? मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा, संमती. अमेरिकेतल्या आमिश लोकांमध्ये मोठेपणी स्वतःहून बाप्तिस्मा घेऊन मग मंडळी सोडली, तर बहिष्कार होतो. कधी बाप्तिस्माच घेतला नाही, तर त्या अर्थाने बहिष्कार नाही. म्हणजे नियम कडक, पण लागू कोणाला हे स्पष्ट. ओक्लाहोमातल्या कॉलिन्सविल गावातलं प्रकरण वेगळं आहे. एका बाईने चर्चच्या वडिलांना लेखी कळवलं, की मी सभासदत्व सोडतेय. तरी त्यांनी तिचं खाजगी आयुष्य मंडळीसमोर मांडलं. प्रकरण कोर्टात गेलं. 1989 मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ती सभासद होती तोवरच्या शिस्तीत कोर्ट पडणार नाही, पण तिने सोडल्यानंतर चर्चने जे केलं त्याला ते संरक्षण नाही. अकाउंट डिलीट केल्यावरही अ‍ॅपने तुमचा डेटा वापरला तर तुम्ही भडकाल ना? तसंच हे.

दुसरी जागा, ताकद. एकट्याने जाऊन बोल, ही पायरी दोन भावांसाठी आहे. बरोबरीच्या माणसांसाठी. मार खाणाऱ्या बाईला "आधी नवऱ्याशी एकटीने बोल" सांगणं, किंवा अत्याचार झालेल्या मुलाला "आधी फादरना भेट" सांगणं, हा त्या अध्यायाचा गैरवापर आहे. तो अध्याय सुरूच होतो लहानांच्या रक्षणाने. आणि जिथे गुन्हा आहे, तिथे पोलिसांकडे जायचं. पंच कमिटी हे पोलीस स्टेशन नाही.

तिसरी जागा, वरचे लोक. "स्पॉटलाइट" सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 2002 मध्ये बॉस्टन ग्लोबने दाखवून दिलं, की मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाळकांना वर्षानुवर्षं एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं जात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्याच वर्षी तिथल्या कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम केला, की अशा अत्याचाराची माहिती मिळाली तर प्रत्येक पाळकाने आणि संन्यस्ताने ती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवलीच पाहिजे, आणि बिशपही चौकशीतून सुटणार नाहीत. प्रोटेस्टंटांनी हसण्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट चर्चच्या 2022 च्या चौकशी अहवालात तक्रारी दाबल्याचं असंच चित्र आलं. खरं तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे. वडिलांवरचा आरोप साक्षीदारांशिवाय घेऊ नका, पण ते पाप करत राहिले तर सगळ्यांसमोर दोष दाखवा. म्हणजे अधिकार मोठा, तर जाबही उघड.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात जात पंचायतींनी घरंच्या घरं वाळीत टाकल्याच्या बातम्या आपण वाचतो. 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रभुभोजन थांबवणं आणि पाणी, दुकान, सोयरीक बंद करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण छोट्या गावात, जिथे चर्च, नातेवाईक आणि शेजारी तेच असतात, तिथे एकीतून दुसरी कधी सुरू होते ते कळतही नाही. आत्याला लग्नाची आमंत्रणं यायची बंद झाली होती. तो ठराव कोणत्याही मीटिंगमध्ये झाला नव्हता.

मग शिस्तच नको का? मला तसं वाटत नाही. आत्याच्या नवऱ्याला मंडळीने शिस्त लावली असती तर? क्वायरमधून उतरवलं असतं, "हात उचलणं बंद कर, मग ये" असं ठणकावलं असतं तर? शिस्त त्यासाठीच तर असते. आमच्याकडे शिस्त होती, फक्त चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

म्हणून तुमची मंडळी, मंदिर, मंडळ, ऑफिस, काहीही असो, तीन प्रश्न विचारून बघा. नियम वरच्यांनाही लागतो का? शिक्षा झालेल्याला परत यायचा रस्ता माहीत आहे का? आणि निर्णय घेताना जिला लागलंय तिचं कोणी ऐकलं का?

शेवटचं सांगतो. आठ-नऊ वर्षांनी नवे पाळक आले. त्यांनी जुनी मिनिट्सची वही वाचली आणि एका संध्याकाळी आमच्या घरी आले. आत्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. ते दारात उभे राहून म्हणाले, "ताई, मंडळीचं चुकलं." आत्याने त्यांना चहा दिला, मान हलवली. ते गेल्यावर मला म्हणाली, "ताट सगळ्यांसमोर पुढे जायचं रे. माफी मात्र स्वयंपाकघरात."

मी ते पाळकांना जाऊन सांगितलं. थोडा घाबरतच. पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी प्रभुभोजनाआधी आत्याचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर माफी मागितली. मग ताट फिरलं. माझंही दृढीकरण तोवर झालं होतं. आत्याने भाकर घेतली आणि ताट माझ्याकडे दिलं.

आज इतकंच. तुमच्याकडे असा अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.